चोवीस वर्षं अंडी, पिल्लू एकही नाही: तोयोओकाच्या करकोच्यांचं प्रकरण

आधीच सांगतो, यात माणसांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. पिंजऱ्याजवळ आयुष्य काढलेला माणूस, गावातले शेतकरी, नगरपालिकेतले लोक सगळे बिननावाचेच राहतील. गाव आणि सालं मात्र खरी आहेत, कारण हे प्रकरण इतकं गाजलेलं आहे की गाव लपवून काही उपयोग नाही. आपल्याकडे माळढोकावरून 'पकडून वाढवायचे की मोकळे ठेवायचे' हा वाद निघाला की मला हमखास हेच प्रकरण आठवतं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय.

पार्श्वभूमी

जपानमधला ह्योगो प्रांत. त्याच्या दक्षिणेला कोबे शहर, ते सगळ्यांना माहीत असतं, आणि उत्तरेला जपान समुद्राच्या बाजूला डोंगरांच्या मधोमध तोयोओकाचं सखल खोरं. मारुयामा नदी इथे इतकी संथ आहे की उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पूर नेहमीचा आणि शेतं म्हणजे पाय टाकला की गुडघ्यापर्यंत चिखल. शेतकऱ्याच्या दृष्टीने वैताग जमीन. करकोच्याच्या दृष्टीने वाढून ठेवलेलं ताट.

पक्षी म्हणजे ओरिएंटल स्टॉर्क, जपानीत कोउनोतोरी. उभा राहिला की साधारण 110 सेंटीमीटर, पंख पसरले की 2 मीटर, वजन 4-5 किलो. युरोपातल्या करकोच्याची चोच लाल असते, याची काळी, डोळ्याभोवती मात्र लाल कातडी. याला गळ्यातून आवाज जवळपास काढताच येत नाही, बोलायचं झालं की मान मागे टाकून चोचीचे दोन भाग एकमेकांवर आपटतो, कडकडकडकड, लाकडी चिपळ्या वाजवल्यासारखं. आणि खातो किती, तर दिवसाला अर्धा किलोच्या आसपास: मासे, बेडूक, साप, टोळ, जे हलेल ते. म्हणजे एक जोडी जगवायची तर पंचक्रोशीतलं पाणी जिवंत पाहिजे.

जुन्या काळात इझुशीच्या सरदारांनी याला शुभ पक्षी म्हणून राखलं, त्याची घरटी असलेल्या डोंगराला नाव दिलं क्रौंचटेकडी. पक्षी स्टॉर्क आणि नाव क्रेनचं! हसण्यासारखं काही नाही, आपणही दोघांना सरसकट करकोचाच म्हणतो की.

1960 सालचा एक फोटो आहे. नदीच्या उथळ पाण्यात गायी, गायींबरोबर एक बाई, आणि हाताच्या अंतरावर डझनभर करकोचे. कोणीच कोणाकडे बघत नाहीये. आपल्याकडे नांगरामागे बगळे फिरतात ना, तितकं साधं दृश्य. त्यानंतर 11 वर्षांत जपानमध्ये जंगली करकोचा एकही उरला नाही.

अडचण नेमकी काय होती

एकच कारण असतं तर सोपं होतं. सरदारांचा अंमल संपला आणि बंदुका सगळ्यांच्या हातात आल्या तेव्हा पहिला फटका बसला, देशभरातले बहुतेक करकोचे तेव्हाच संपले, तोयोओकासारख्या दोनचार जागी उरले. दुसऱ्या महायुद्धात उंच पाईनची झाडं तोडली गेली आणि हा पक्षी घरटं करतो ते नेमकं त्याच झाडांच्या शेंड्यावर. आणि युद्धानंतर, देश उपाशी असताना, भाताचं उत्पादन वाढवायची मोहीम आली.

त्या मोहिमेत वाईट हेतू कोणाचाच नव्हता. भातावरच्या करप्यासाठी पाऱ्याची औषधं फवारली गेली, किडीसाठी आणखी विषारी औषधं. चिखलाची शेतं उपसून कोरडी केली म्हणजे यंत्र चालेल, पाट काँक्रीटचे केले, आणि पाट खोल गेल्यामुळे पाट आणि खाचर यांच्यात पायरी तयार झाली. कोकणातल्या माणसाला हे चटकन कळेल. पहिल्या पावसात वळगणीचे मासे खाचरात चढतात, ते पाटात भिंत घातली तर कुठून चढणार? तेच तिथे झालं. मासा नदीत राहिला, बेडूक औषधाने गेला, आणि जे काही उरलं होतं ते खाऊन पक्ष्याच्या अंगात पारा साठत गेला.

काय काय पर्याय होते

1955 मध्ये गावात संरक्षणासाठी संघटना झाली, 1956 मध्ये पक्ष्याला देशाचा विशेष नैसर्गिक ठेवा म्हणून दर्जा मिळाला. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात काय करायचं यावर तीन मतं होती.

पहिलं, त्यांना हात लावू नका. घरट्याजवळ जाऊ नका, आवाज करू नका, उंच खांबांवर कृत्रिम घरटी बांधून द्या, खायला घाला. शाळेतल्या मुलांनी करकोच्यांसाठी दोजो गोळा केले, दोजो म्हणजे खाचरातला बोटाएवढा गुळगुळीत मासा, प्रत्येकाने निदान एक आणायचा अशी मोहीमच होती. वाचायला फार गोड वाटतं, पण विचार करा, मुलांनी दोजो आणून द्यायची वेळ आली याचा अर्थच खाचरात दोजो राहिले नव्हते. आणि जे होते तेही कुठल्या पाण्यातले?

दुसरं, अंडी उचलून यंत्रात उबवायची. 1963 मध्ये करून बघितलं, जमलं नाही.

तिसरं, पक्षीच पकडायचे. याला विरोध साहजिक होता. जाळ्यात पाय मोडला तर? पिंजऱ्यात अंडी घातलीच नाहीत तर? आणि राष्ट्राचा ठेवा म्हणायचं आणि कोंडून ठेवायचं, हे कसं दिसतं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं एवढंच होतं की बाहेर पिल्लं होतच नाहीयेत, मग बाहेर ठेवून उपयोग काय.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात महाग निर्णय इथे आहे, आणि तो म्हणजे निर्णय न घेणं. 1955 पासून पकडेपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. दहा वर्षं म्हणजे नुसते आकडे कमी झाले असं नाही, जे उरले ते दरवर्षी जास्त विषारी होत गेले.

पिंजरा, आणि त्यातली चोवीस वर्षं

14 फेब्रुवारी 1965 ला एक जंगली जोडी जाळ्यात पकडली, आणि त्यासाठीच बांधलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवली. नंतर आणखी पक्षी आले. अंडी यायला लागली. सगळे खूष.

पिल्लू नाही.

पुढच्या वर्षी परत अंडी, परत नाही. काही अंडी फलित नसायची, काही आतच मरायची, काही फुटायची. मेलेले पक्षी तपासले तर अंगात पारा सापडला. म्हणजे विष बाहेर राहिलं म्हणून पिंजरा केला, पण विष पक्ष्याच्या आत बसूनच पिंजऱ्यात आलं होतं. 1971 मध्ये जपानमधला शेवटचा जंगली करकोचा जखमी अवस्थेत तोयोओकातच पकडला आणि तो मेला. त्या दिवशी बाहेरचं पुस्तक बंद झालं.

त्याच वर्षी कोरियात काय झालं ते सांगतो, विषयाला सोडून नाही. तिथे उमसोंग भागात शेवटची जोडी सापडली, पेपरात मोठी बातमी आली, आणि बातमीनंतर तिसऱ्या दिवशी नर बंदुकीने मारला गेला. मादी 1994 पर्यंत एकटी जगली, अंडी घालत राहिली, रिकामी. हात न लावता सांभाळू म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

परत तोयोओका. दुसरी अडचण होती जोडी जमवण्याची, आणि ती कोणी आधी धरलीच नव्हती. नर आणि मादी दिसायला सारखे, त्यामुळे आधी ओळखण्यातच घोळ. आणि ओळखून एकत्र ठेवले तरी मोठे झालेले पक्षी एकमेकांवर तुटून पडतात, ती चोच म्हणजे सुरीच, जीव जाऊ शकतो. पत्रिका जुळली म्हणून नांदतीलच असं नाही! हा पक्षी एकदा जोडीदार निवडला की त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहतो, पण निवड त्याची त्याने करायची असते, आणि आठ-दहा म्हाताऱ्या, आजारी पक्ष्यांत निवड ती काय करणार.

त्या काळातला पिंजऱ्याजवळचा माणूस रोज काय करत असेल ते डोळ्यासमोर आणून बघा. सकाळी मासे टाकायचे, अंडं आलं की कॅलेंडरवर खूण करायची, महिनाभर श्वास धरून बसायचं, मग अंडं उचलून उजेडासमोर धरायचं. आत काही नाही. असं एक दोन वर्षं नाही, चोवीस वर्षं. प्रोजेक्ट म्हटलं तर तिसऱ्याच वर्षी बंद झाला असता.

बाहेरून पक्षी आणायचे का

1985 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत रशियातल्या खाबारोव्स्क भागातून सहा करकोचे आणले. हा दुसरा मोठा निर्णय. आक्षेप होताच, हे आपले नाहीत, आपल्या मातीतला वंश वेगळा. पण प्रजाती एकच, आणि रशिया-चीनच्या सीमेवरच्या आमूर नदीच्या खोऱ्यात ती अजून नांदत होती. इथे भावनेपेक्षा व्यवहार जिंकला हे बरं झालं, कारण 1986 मध्ये पिंजऱ्यातला जपानी वंशाचा शेवटचा पक्षीही गेला. आज जपानच्या आभाळात जे करकोचे दिसतात त्यांच्यात तोयोओकाच्या जुन्या पक्ष्यांचं रक्त नाही.

पण खरी गोम कशात होती, तर ते सहाही पक्षी लहान होते. लहान म्हणजे दोन फायदे. एक, अंगात विष नाही. दोन, सगळे एकत्र वाढले, एकत्र ठेवल्यावर कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण कोणासमोर चोच वाजवतो हे बघत राहायचं, आणि जे आपणहून जवळ आले त्यांनाच वेगळा पिंजरा द्यायचा. माणसाने जोडी लावायची नाही. 1989 च्या मे महिन्यात पहिलं पिल्लू आलं. (त्याच्या आदल्या वर्षी टोकियोच्या तामा झूमध्ये चिनी पक्ष्यांपासून पिल्लं झाली होती, त्यामुळे देशातलं पहिलं हा मान तोयोओकाचा नाही.) त्यानंतर दरवर्षी पिल्लं, आणि 2002 पर्यंत पक्ष्यांची संख्या शंभरावर गेली.

सोडायचे, पण कुठे

बरेच ब्रीडिंग प्रोग्राम इथेच अडकतात. पक्षी वाढतात, पिंजरे वाढतात, आणि बाहेरची जागा आहे तशीच. तोयोओकाने 1999 मध्ये मोठं उद्यान आणि संशोधन केंद्र उभं केलं, उडण्याचा आणि जिवंत मासा पकडण्याचा सराव सुरू केला, पण शेतात अजून औषध पडत होतं. आणि शेतकऱ्यांना करकोचा हवाच होता असं अजिबात नाही. म्हाताऱ्या लोकांच्या आठवणीत तो लावणी झालेल्या खाचरात उतरून रोपं तुडवणारा पक्षी होता. लहानपणी त्याला हाकलायला पाठवलेली माणसं ती, त्यांना तुम्ही आता सांगणार, स्वागत करा?

यावर व्याख्यानं दिली असती तर काही झालं नसतं. त्यांनी काय केलं, पावलं मोजली. पक्षी खाचरात चालताना खरंच किती रोपांवर पाय पडतो ते बघितलं, नुकसान किरकोळ निघालं. वाद संपला असं नाही पण वादातली हवा गेली.

ऑगस्ट 2002 मध्ये एक गंमत झाली. 5 तारखेला एक जंगली करकोचा आपला आपण उडून आला, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं हाचिगोरो, आठव्या महिन्याची पाच तारीख. तो 2007 पर्यंत तिथेच राहिला. आणि पाच वर्षं फुकटात सर्व्हे करून गेला म्हणा ना, कुठल्या ऋतूत कुठे चरतो, कुठल्या बांधावर, नदीच्या कुठल्या उथळ भागात, सगळं लोकांना डोळ्यांनी दिसलं. तज्ज्ञांच्या नकाशापेक्षा तो एक पक्षी जास्त पटला.

2003 पासून करकोच्याला जगवणारी भातशेती म्हणून पद्धत सुरू झाली, पहिल्या वर्षी जेमतेम 0.7 हेक्टर. यातली कामाची गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण सगळा जीव इथे आहे. जपानी भातशेतीत उन्हाळ्यात मध्येच एकदा पाणी तोडून जमीन तडकेपर्यंत वाळवतात, त्याने रोप जोर धरतं. पण नेमक्या त्याच वेळी खाचरात बेडकाची पिल्लं असतात, पाय फुटायच्या आधीची, शेपटीवाली. पाणी गेलं की ती जागच्या जागी वाळतात. तर नियम काय केला, खाचरात वाकून बघा, पिल्लांना पाय फुटलेत का, फुटले असतील तर पाणी तोडा, नाहीतर थांबा. बस. हाच बेडूक मग भातावरची कीड खातो म्हणजे फवारणीही कमी लागते. हिवाळ्यात कापणीनंतर शेत रिकामं न ठेवता पाणी भरून ठेवायचं, त्यात बारीक लाल गांडुळं वाढतात, त्यांच्या विष्ठेचा मऊ गाळ तणाच्या बियांवर बसतो आणि तण दबतं. बियाणं औषधाऐवजी गरम पाण्यात बुडवायचं. पाटातून खाचरात मासा चढावा म्हणून छोट्या पायऱ्या.

तांदूळ करकोच्याच्या नावाने विकला गेला आणि भाव चांगला मिळाला. हे स्पष्ट लिहायला हवं, प्रेमापोटी झालं असं कोणी सांगत असेल तर अर्धं खरं. भाव नसता तर 0.7 हेक्टरचे पुढे चारशेच्या वर हेक्टर झाले नसते.

ऑक्टोबर 2004 मध्ये तुफान आलं, मारुयामाचा बांध फुटला, शहर पाण्यात गेलं. आता लोक म्हणतील पक्षी गेला खड्ड्यात आधी नदी बांधा, असं वाटलं असेल तर चूक नाही. पण नदीला जागा द्यायला पात्राकडेची जमीन खरवडायचीच होती, ती खरवडताना उथळ ठेवली, म्हणजे पुराचं पाणीही मावेल आणि करकोच्यालाही उभं राहता येईल. एका खर्चात दोन कामं.

निकाल

24 सप्टेंबर 2005 ला पाच करकोचे सोडले, राजघराण्यातले लोक हजर होते, हजारोंची गर्दी. 2007 मध्ये जंगलात पिल्लू जन्मलं, 43 वर्षांनी, आणि 31 जुलैला ते घरट्यातून उडालं, तसं जपानमध्ये 46 वर्षांनी झालं. 2012 मध्ये मारुयामाचा खालचा भाग आणि भोवतीची भातशेती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. 2020 मध्ये मोकळ्या पक्ष्यांची संख्या दोनशेवर, पुढे तीनशेवर. फुकुई, तोकुशिमा, शिमाने अशा दूरच्या भागांतही घरटी झाली, काही पक्षी तर समुद्र ओलांडून कोरियाला जाऊन आले.

सगळं गोडच झालं असं नाही. मे 2017 मध्ये शिमानेत एका शिकाऱ्याने बगळा समजून मादी मारली, घरट्यात चार पिल्लं होती. ती उचलून तोयोओकाला नेऊन वाढवली आणि जुलैत परत तिथेच सोडली. विजेच्या तारांना धडकून, हरणांसाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून पक्षी मरतातच.

काय वेगळं करता आलं असतं

पकडायचंच होतं तर 1955 लाच, आणि म्हातारे नाही, पिल्लं किंवा अंडी. हे आज म्हणणं सोपं आहे हे मान्य, तेव्हा पाऱ्याचं कोणाला माहीत होतं. पण आपल्याला आता माहीत आहे ना. राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथे 2019 पासून माळढोकाची अंडी गोळा करून पिल्लं वाढवतायत, ती घाई योग्यच आहे. आणि सोलापूरजवळचं नान्नज? तिथे माळ आहे, अभयारण्याची पाटी आहे, माळढोक जवळजवळ नाहीच.

दुसरं, सोडलेल्या पक्ष्यांना उद्यानात मासे टाकत राहिले ते जरा जास्तच वर्षं. सुरुवातीला हवंच होतं, पण आयतं मिळतंय म्हटल्यावर बरेच करकोचे उद्यानाभोवतीच घोटाळत राहिले, त्यांच्या ताटात घारी आणि बगळेही जेवून जायचे, आणि बाहेरची शेतं खरंच किती पक्षी पोसू शकतात हे कळायलाच उशीर झाला. बंद करायची तारीख सोडण्याआधीच ठरवायला हवी होती.

तिसरं, रक्त. मूळ पक्षी मोजके, आणि सुरुवातीला ज्या जोड्या भराभर पिल्लं देतात त्यांचीच पिल्लं वाढत गेली. नंतर झू-झूंमध्ये हिशोब ठेवून पक्षी आणि अंडी इकडून तिकडे करायला लागले, तो हिशोब पहिल्या पिल्लापासून हवा होता.

आणि एक प्रश्न मी उघडा ठेवतो. आसाममध्ये हरगिलासाठी (हाही करकोच्याच्याच कुळातला मोठा पक्षी) गुवाहाटीच्या झूमध्ये उंच बांबूच्या मचाणांवर 2019 मध्ये पिल्लू झालं, पण तो पक्षी सावरला तो मुख्यतः दादरा-पचरियासारख्या गावांतल्या बायकांनी घरट्यांची झाडं राखली म्हणून. तिथे पिंजरा हा जोडीला होता. तोयोओकात तशा बायका, तशी मुलं होती, दोजो आणणारी, फक्त झाडाखालचं पाणी आधीच गेलेलं होतं. मग वेळेत माणसं जागी होणं म्हणजे नेमकं कधी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पाईनची उंच झाडं अजून परत आलेली नाहीत. खोऱ्यातले करकोचे बहुतेक घरटी माणसाने उभारलेल्या खांबांवर करतात, खाचराच्या मधोमध 12-13 मीटर उंच खांब आणि वर गोल थाळी. कधी एखादी जोडी थेट विजेच्या खांबावर काड्या रचायला लागते, मग वीज कंपनीचे लोक शिडीची गाडी घेऊन येतात, अंडी घालायच्या आत काड्या उतरवतात, आणि दुसऱ्या दिवशी ती जोडी परत काड्या घेऊन हजर.